थंड गाडीवर घेतलेली ट्रायल

चक्रीवादळानंतर आमची तुकडी मदतकार्यासाठी रेवदंड्यात उतरली. मी हवालदार, व्हेईकल मेकॅनिक. सतरा वर्षं सर्व्हिस झाली होती. तळ एका शाळेत, गाड्या मैदानात. त्यातली एक पेट्रोलवरची लहान ॲम्ब्युलन्स. तिचा ड्रायव्हर लान्स नाईक किसन म्हात्रे, उरणकडचा, मिठागरात राबणाऱ्या घरातला.

दुसऱ्या दिवशी त्याने रिपोर्ट दिला. "उस्ताद, गाडी गरम झाली की बंद पडते. थंड झाली की चालू होते."

मी पेट्रोल फिल्टर बदलला. सकाळी सहाला थंड इंजिनवर पाच मिनिटं ट्रायल घेतली आणि 'फिट' लिहून सही केली. दुपारी तो परत आला. मी त्याला हाकलून दिलं. तिसऱ्यांदा त्याने सगळ्यांसमोर सांगितलं.

"चालवता येत नाही आणि गाडीला नावं ठेवतोस?" मी खेकसलो.

पाठीवर पिट्ठू, सामानाने भरलेली जड पिशवी, चढवून त्याला मैदानाच्या दहा चकरा मारायला लावल्या. मग गाडीवरून उतरवून झाडं तोडणाऱ्या पार्टीत पाठवलं. तो फक्त "जी, उस्ताद" म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ११.४० ला वायरलेसवर आलं, "कॅज्युअल्टी एक. म्हात्रे. कापताना खोड उसळून पोटावर बसलं. ॲम्ब्युलन्स पाठवा. ओव्हर."

त्याच्या जागी गाडीवर दुसरा ड्रायव्हर दिलेला नव्हता. मीच निघालो. १२.०५ ला त्याला घेतलं, अलिबागच्या हॉस्पिटलचा रस्ता धरला. मागे नर्सिंग असिस्टंट त्याची नाडी धरून बसला होता. १२.२० ला इंजिनाने दम सोडला. स्टार्टर फिरत होता, गाडी पकडत नव्हती. मी बॉनेट उघडून पेट्रोलचा पाइप सोडायला लागलो.

मागून किसनचा आवाज आला. "पेट्रोल न्हाय, उस्ताद. स्पार्क जातो."

प्लग काढून पाहिला. स्पार्क नव्हता. स्पार्क देणाऱ्या कॉइलला हात लावला तर बोटं पोळली. वायरलेसवर दुसरी गाडी मागितली. उत्तर आलं, "एक तास लागेल." कॉइलवर ओला टॉवेल गुंडाळला, पाणी ओतत राहिलो. चौदा मिनिटांनी स्पार्क आला. गाडी चालू झाली.

"चालू झाली, किसन," मी ओरडलो. १२.५१ ला अलिबागला पोचलो, तोवर तो गेला होता.

चौकशीत 'यांत्रिक बिघाड' असं लिहिलं गेलं. मला कोणी बोल लावला नाही.

रिटायर झाल्यावर त्याच्या घरी गेलो. वडील घरासमोरच मिठागराच्या बांधावर बसले होते. म्हणाले, "तू व्हतास ना त्याच्यासंगं? बरा झाला. आपला मानूस जवल व्हता."

मी त्यांना सगळं सांगितलं. तीन रिपोर्ट, दहा चकरा, माझी सही.

त्यांनी विचारलं, "तो रागावलेला काय तुझ्यावर?"

"नाही."

"मंग मी काय बोलू?" म्हणाले, आणि उठून आत गेले. दार लावून घेतलं.

लान्स नाईक किसन म्हात्रे. वय सव्वीस. त्याला गाडीतलं कळत होतं.