पाणी पिणारा कोबा

कोब्यात माझा चेहरा दिसत होता, आणि नेमकी तीच अडचण होती.

"कसा घोटलाय, बाई? आरसा हाय, आरसा," सोपानतात्या म्हणाले. ते आमचे गवंडी. साठीला टेकलेले, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, हातात थापी.

मी शेजारची बादली उचलली आणि त्या चकचकीत कोब्यावर ओतली. पाणी क्षणभर पसरलं, मग उताराला लागलं आणि सरळ खालच्या वस्तीतल्या विहिरीकडे धावलं.

तात्यांनी पाण्याकडे पाहिलं. मग हातातल्या थापीकडे पाहिलं. थापी खाली ठेवून ते निघून गेले.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी इंदापूर तालुक्यात ज्युनिअर इंजिनिअर होते. गाव कळसच्या बाजूचं. तिथल्या बाजारतळावर आमच्याच ऑफिसनं आदल्या वर्षी काँक्रीट केलं होतं. चिखल गेला, सगळे खूश झाले. पण पूर्वी जे पाणी थोडंफार मातीत मुरायचं, ते आता पूर्णच्या पूर्ण उतारानं खाली जाऊ लागलं. जाताना कुजका भाजीपाला, शेण, कोंबड्यांची घाण सोबत न्यायचं. उताराच्या टोकाला बौद्ध वस्तीची विहीर होती. गावच्या आडावर पाणी मिळत नसे त्या काळात वस्तीतल्या लोकांनी ती स्वतः खणली होती. त्या पावसाळ्यात ती दोनदा गढूळ झाली, पोरांना जुलाब झाले, आणि विहीर पिण्यासाठी बंद करावी असं पत्र आमच्या टेबलावर आलं.

आमच्या डेप्युटी साहेबांचं म्हणणं सरळ होतं. "गटार काढा आणि मोकळ्या व्हा, मॅडम."

"गटाराचं पाणी जाणार कुठं, सर? उतार तर वस्तीकडेच आहे."

"मग विहीर बंद. टँकर लावू."

मी एका पुस्तकात बिनवाळूच्या काँक्रीटबद्दल वाचलं होतं. नेहमीच्या काँक्रीटमध्ये खडी, वाळू आणि सिमेंट असतं. खडीमधल्या फटी वाळू बुजवते, म्हणून पाणी आत शिरत नाही. वाळू घातलीच नाही, तर सिमेंट खडीचे दगड फक्त एकमेकांना चिकटवतं आणि फटी तशाच राहतात. पाणी त्यांतून खाली जातं. खाली काळी माती असून चालत नाही, ती पाणी धरून बसते. म्हणून जुनं काँक्रीट फोडून मुरूम लागेपर्यंत खणायचं, जाड खडीचा थर द्यायचा आणि वर हे काँक्रीट टाकायचं. जास्तीच्या पाण्यासाठी कडेला एक गाळणखड्डा: तळाला डबर, म्हणजे मोठे दगड, त्यावर खडी, त्यावर वाळू. घाण वर अडकते, पाणी जमिनीत उतरतं.

साहेबांनी ऐकून घेतलं. "पुस्तक वाचून रस्ते होत नसतात," ते म्हणाले. पण त्यांनी परवानगी दिली, तीही अटीवर. "परतीच्या पावसात विहीर गढूळ झाली, तर मी त्या पत्रावर त्याच दिवशी सही करणार. मग माझ्याकडे यायचं नाही."

आमच्याकडे पाऊस थोडा. पण परतीचा येतो तेव्हा वर्षाचा हिशेब एका दुपारीच चुकता करतो. हातात पाच आठवडे होते.

तात्यांना हे समजावताना मला दोन कागद आणि अर्धा तास लागला. शेवटी तेच म्हणाले, "म्हंजी चुरमुऱ्याचा लाडू. गूळ निस्ता चिकटवायपुरता."

इतकं सोपं मला सांगता आलं नव्हतं. आम्ही पाटीएवढा एक नमुना केला. चार दिवसांनी तो दोन विटांवर ठेवून मी त्यावर तांब्याभर पाणी ओतलं. वरून ओतलेलं पाणी वर थांबलंच नाही. दगडासारखा दगड, ठोकला तर खणखणणारा, आणि पाणी त्याला जणू दिसतच नव्हतं. पुस्तकात आकृती पाहिली होती, तरी मी चकित झाले. तात्यांनी तांब्या हातात घेतला आणि पुन्हा ओतला. मग पुन्हा. सात-आठ तांबे झाले असतील.

"आयला," एवढंच म्हणाले.

तरी ते घडलं. बाजारतळ आम्ही चार भागांत करत होतो. पहिला भाग टाकला त्या दिवशी मी मीटिंगला इंदापूरला गेले. तात्यांनी काम चोख केलं. पण संध्याकाळी तो खडबडीत, भोकांभोकांचा पृष्ठभाग त्यांना बघवेना. चाळीस वर्षं त्यांनी कोबा घोटला होता. घोटणं म्हणजे ओल्या कामावर सिमेंटचं पाणी सोडून थापीनं गुळगुळीत करणं. तालुक्यात त्यांच्या घोटाईचं नाव होतं. बाईंच्या पहिल्या कामाला कुणी नावं ठेवू नयेत, म्हणून त्यांनी सगळा भाग घोटला. सगळी भोकं बुजली.

सकाळी मी त्यावर बादली ओतली, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी तात्या आले नाहीत. मी त्यांच्या घरी गेले. ते ओट्यावर बसले होते.

"बाई, मला समजत नव्हतं असं न्हाय," ते म्हणाले. "डोक्याला समजलं हुतं. हाताला न्हाय समजलं."

"दुसरा गवंडी बघू का?"

"माज्या हातानं बुजवलंय, माज्याच हातानं फोडणार."

ते आले आणि दोन दिवस छिन्नी-हातोडा घेऊन बसले. कुणाला हात लावू दिला नाही. नव्यानं काँक्रीट टाकायच्या दिवशी मी पाहिलं, तर त्यांच्याजवळ फक्त फावडं आणि लाकडी फळी.

"थापी कुठंय, तात्या?"

"घरी. ट्रंकंत, कुलूप लावून. किल्ली सुनंपाशी. हितं असली की हात वळवळतोय."

उरलेले तीनही भाग त्यांनी थापीशिवाय केले. शेवटचा भाग टाकून झाला तेव्हा पाच आठवड्यांतले तीन संपले होते. काँक्रीट पाणी मारून पक्कं व्हायला दिवस लागतात. आकाशाकडे बघत आम्ही ते दिवस काढले.

पाऊस बाजाराच्या दिवशीच आला. दुपारी आभाळ काळं झालं, वारा सुटला आणि मग लांबचं झाड दिसेना. भाजीवाल्यांनी सवयीनं पाट्या डोक्यावर घेतल्या. खाली पाणी भरणार हे त्यांना ठाऊक होतं. साहेब जीपमध्ये बसून पाहत होते. मी तात्यांसोबत बाजारतळाच्या खालच्या कडेला, विहिरीपाशी उभी होते. तिथे यशोदाआक्का पोत्याची खोळ पांघरून काठावर बसल्या होत्या. विहीर खणताना त्यांच्या वडिलांनी पहार मारली होती. पाणी आलंच, तर ते त्यांना स्वतः पाहायचं होतं.

पाणी आलं नाही.

वरून धो धो कोसळत होतं आणि बाजारतळ नुसता ओला होता. डबकं नाही, लोंढा नाही. थेंब पडत होते आणि पडल्या जागी नाहीसे होत होते. कडेशी वाकून कान दिला तर कोब्याच्या आतून बारीक खळखळ ऐकू यायची, जमीन तहानेनं घोट घेत असल्यासारखी. भाजीवाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि एकेकानं पाटी खाली ठेवली. एवढा पाऊस आणि एवढी शांत जमीन मी आयुष्यात पाहिली नव्हती. सगळं गणित मीच केलेलं होतं, तरी अंगावर काटा आला.

"अगं बया, पानी गेलं कुठं?" आक्का उभ्या राहिल्या.

"जातंय कुठं?" तात्या म्हणाले. "तुज्याकडंच येतंय. जरा अंग धुऊन येतंय."

आक्का हसल्या. मग डोळे पुसत विहिरीत वाकून पाहू लागल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी हातभर चढलं होतं आणि त्यातून तळाची पायरी दिसत होती. साहेबही वाकून पाहून गेले. पत्रावर सही झाली नाही. विहिरीत क्लोरीनची टीसीएल पावडर टाकणं मात्र आम्ही चालूच ठेवलं. गाळणखड्डा घाण अडवतो, सगळे जंतू नाही.

गेल्या महिन्यात तात्या गेले. मी दहाव्याला गेले होते. परतताना बाजारतळावर थांबले. पावसाळ्याआधी वस्तीतल्या बायका अजून तो झाडून धुतात, नाहीतर भोकं मातीनं भरतात. मी एक बादली मागून घेतली आणि ओतली. पूर्वीपेक्षा वेळ लागला. पण पाणी गेलं. ते पूर्ण जाईपर्यंत मी तिथेच उभी राहिले.

त्या कामानंतर रिटायर होईपर्यंत, अशा प्रत्येक एस्टिमेटच्या शेवटी मी एक ओळ घालत आले: 'घोटाई करू नये.' एका साहेबांनी ती अनावश्यक म्हणून खोडली होती. मी पुन्हा लिहिली. ती ओळ चांगल्या गवंड्यासाठी आहे. वाईट गवंडी तसंही घोटत नाही.