कावळ्याची बातमी

आमच्याकडं माणसाच्या डोक्याला कावळा शिवला तर वाईट धरतात. मग त्या माणसाच्या जवळच्या नातलगाला खोटा निरोप धाडायचा, की तो गेला. नातलगानं खरं मानून रडायचं. एकदा रडणं झालं की मरणाला वाटतं इथलं काम आटोपलं, आणि ते पुढच्या घरी जातं. शिकलेली माणसं हसतील. हसू द्या. मी तिसरीपर्यंत शाळेत गेलो आणि पुढं वाळूजच्या एका कंपनीत यंत्राखाली दोन बोटं घालवली, पण ही गोष्ट मी माझ्या डोळ्यानं पाहिली आहे.

माझा धाकटा भाऊ तेव्हा सहा वर्षांचा असेल. आम्ही मेंढरंवाले. दुपारचा बाभळीखाली झोपला होता, तर कावळा येऊन सरळ त्याच्या टाळूवर बसला. बापानं त्याच पावली एक माणूस आक्काच्या सासरी धाडला. आक्का आमची थोरली बहीण. आई गेल्यावर धाकट्याला तिनंच कडेवर वाढवलं होतं, आणि नुकतंच तिचं लगीन झालं होतं. तीन कोस ती अनवाणी पळत आली. आमच्या पालापाशी पोचली तेव्हा पदर मागं मातीत लोळत होता, आणि हा गडी दुधात भाकर कुस्करून खात बसलेला. तिनं आधी त्याच्या एक थोबाडीत दिली. मग त्याला पोटाशी धरून जी रडली, ती दिवस कलला तरी थांबेना.

बाप म्हणाला, "झालं काम. आता ह्याला काय व्हत नाय."

ती म्हणाली, "आबा, पुन्यांदा असला निरोप धाडाल तर मी यायची नाय. सांगून ठेवते."

ह्याच धाकट्याला पुढं सगळा महाराष्ट्र ओळखू लागला. त्याचं नाव मी लिहीत नाही. नाव लिहिलं की लोक त्याचं वाचतात, माझं नाही. आधी तो मेंढरांच्या नकला करायचा, मग मास्तरांच्या, मग पुढाऱ्यांच्या. नाटकात गेला, टीव्हीवर गेला, सिनेमात गेला. मुंबईत घर केलं. पण मला दादा म्हणायचा तो दादाच म्हणत राहिला, आणि आक्काला तो शेवटपर्यंत बारक्याच.

मग त्याचं लिव्हर गेलं. मुंबईच्या डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा तो म्हणाला, मला आपल्या माणसांत न्या. म्हणून त्याला इथं, आपल्या शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात आणलं. माझं घर मुकुंदवाडीला, टेशनाच्या मागं. मी रोज सकाळी रिक्षानं जायचो आणि दिवस मावळला की परतायचो.

दवाखान्याच्या फाटकावर टीव्हीवाल्यांच्या गाड्या लागल्या, टपावर थाळ्या बसवलेल्या. आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडापुढं माइकचं दांडकं. "काका, तब्येत कशी आहे? काका, फक्त दोन शब्द." माझ्याकडं दोन शब्द होते, पण ते लिहिण्यासारखे नाहीत. एकानं आतल्या कुणाला तरी हाताशी धरून काचेतून त्याचा फोटो काढला. नाकात नळी, पोट फुगलेलं, तोंड उघडं. ज्या तोंडानं त्यानं लोकांना इतकी वर्षं हसवलं, ते तसं उघडं टाकून घरोघर दाखवलं.

त्या दिवशी मी ठरवलं, ह्यांना आपल्या घरातलं काहीही द्यायचं नाही. शब्द नाही आणि डोळ्यातलं पाणी तर नाहीच. बोटं गेली तेव्हा कंपनीत कुणी माझ्या डोळ्यात पाणी पाहिलं नव्हतं. ह्यांना कुठून दिसणार?

अफवा उठली ती एका सकाळी. मी फाटकाबाहेरच्या टपरीवर चहा घेत होतो. टपरीवाला चाचा रोजच्या ओळखीचा झाला होता. ग्लास पुढं करता करता तो थांबला.

"मामू, टीवी पे बोल रहे, भाई गुजर गए बोलके. सच्ची क्या?"

"आत्ताच तोंड पुसून आलोय त्याचं," मी म्हणालो. "तू साखर घाल."

पण त्याच्या छोट्या टीव्हीकडं माझंही लक्ष गेलं. धाकट्याचा फोटो काळापांढरा केला होता आणि बाजूला पणतीची ज्योत हलत होती. दोन तासांत मुकुंदवाडीच्या चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागल्याचं कळलं. त्यावर पुढाऱ्यांचे फोटो धाकट्याच्या फोटोपेक्षा मोठे, असं सांगणारा म्हणाला.

पुतण्या, म्हणजे धाकट्याचा मुलगा, जिना उतरून पळत आला.

"मोठे बाबा, चला माझ्यासोबत. कॅमेऱ्यापुढं एकच वाक्य बोला, की बाबा आहेत. तुम्ही थोरले, तुमचं ऐकतील."

"मी नाय बोलणार."

"अहो, लोक रडायला लागलेत."

"रडू दे. रडणं चांगलं."

त्याला काही कळलं नाही. मला मात्र बाभळीखालचा तो कावळा दिसत होता. एकट्या आक्काच्या रडण्यावर हे पोर साठीपर्यंत पोचलं, इथं तर सगळा महाराष्ट्र रडत होता. ते मी कशाला थांबवू? आणि त्या दांडक्यापुढं मला उभं राहायचं नव्हतं, हेही खरं. त्यातलं कोणतं जास्त खरं होतं ते आता सांगता येत नाही. शेवटी पुतण्या एकटाच बोलला. त्याचं बोलणं दाखवायला त्यांना दुपार झाली.

तेवढ्या वेळात तालुक्याचा एक बातमीवाला आक्काच्या दारात पोचला होता. तिचं गाव सिल्लोडच्या पलीकडं, इथून अडीच तासांवर. पंच्याहत्तरीला टेकलेली ती बाई शेळ्यांना पाला टाकत होती. त्यानं फोन तिच्यापुढं धरला आणि विचारलं, "आजी, भाऊ गेले तुमचे, काय वाटतं?" तोवर तिला कुणी काहीच सांगितलं नव्हतं. हातातला पाला पडला तो त्यानं टिपला, ती मटकन खाली बसली ते टिपलं, खुंट्यावर कपाळ आपटून घेतलं तेही टिपलं. आमच्या बायका गेलेल्या माणसाला आळवून रडतात. "बारक्या रं, माझ्या कडेवर तुझी जागा अजून मोकळी हाय रं," असं तिनं सुरू केलं. संध्याकाळपर्यंत ते रडणं गावोगावच्या फोनवर फिरलं.

धाकट्याच्या फोनवरही आलं. पुतण्या बंद करायला गेला, तर त्यानं त्याचं मनगट धरलं. दोनदा पाहिलं. मग माझ्याकडं वळून म्हणाला, "दादा, माझा फोटो बघितलास का? मेल्यावर तरी बरा लावायचा."

"गप पड."

"आक्का लई रडली रं." त्यानं फोन छातीवर पालथा ठेवला. "तिला आण इथं. मला बघायचंय तिला."

"आणतो."

"मेल्यावर आणून उपयोग नाय. ते तर बघून झालं."

मी आक्काला फोन लावला. म्हणालो, "आक्का, जित्ता हाय तो. माझ्यापुढं पडलाय." तिला खरं वाटेना. मग मी फोन त्याच्या तोंडाशी धरला. त्याला धड बोलवत नव्हतं, पण त्यानं कोकरासारखं ब्यां केलं, लहानपणी तिला छळायला करायचा तसं. तिकडून तिनं त्याला अशा शिव्या घातल्या की नर्स हसायला लागली.

"मी उद्याच्या एस्टीनं येते," आक्का म्हणाली.

"यायचं नाय. फाटकावर तीच माणसं हायेत. पुन्यांदा तुझी जत्रा करतील. टीव्ही बंद ठेव. कुणी काय बी सांगू दे, कावळ्याची बातमी समज. मी सोता न्यायला येतो, तवर उंबरा ओलांडायचा नाय."

"कवा येशील?"

"हे कॅमेरे उठले की."

कॅमेरे उठले नाहीत. धाकटा रोज सकाळी डोळे उघडले की विचारायचा, "आक्का?" मी म्हणायचो, "उद्या." पुतण्या म्हणाला, स्वयंपाकघराच्या बाजूला एक दार आहे, भाजीची गाडी लागते तिथं, तिकडून आत्याला कुणी बघणार नाही. मी म्हणालो, "माझी बहीण मागल्या दारानं येणार नाय." हे मी छाती काढून म्हणालो होतो. तेव्हा ऐकायला बरं वाटलं.

नवव्या दिवशी सकाळी तो गेला.

डॉक्टर पुतण्याशी बोलले, पुतण्या माझ्याशी. "मोठे बाबा, अजून बाहेर कळू देऊ नका. आत्याला मात्र तुम्हीच सांगा." मी फोन घेऊन बोळात उभा राहिलो. बोळाच्या टोकाला काचेचं दार होतं आणि दारापलीकडं एक कॅमेरा, माझ्याकडं वळलेला. पाठ फिरवली असती तर त्यांनी पाठ दाखवली असती. मी तसाच ताठ उभा राहिलो.

"आक्का, बारक्या गेला."

आवाज सरळ ठेवला. जेवण झालं म्हणून सांगावं तसा.

तिनं विचारलं, "लई जड हाय का तब्येत?"

"गेला म्हणतोय ना मी."

"बरं बरं. कळलं मला. रडते मी. तू घोर करू नको."

आणि ती रडायला लागली. मी फोन ठेवला. ती काय म्हणाली ते माझ्या कानात शिरलं, डोक्यात शिरलं नाही. माझं सगळं बळ आवाज धरण्यात गेलं होतं. मी रडलो असतो, नुसता हुंदका दिला असता, तर तिला कळलं असतं. मेलेल्या भावाची बातमी कोरड्या आवाजात कोण देतो? कावळ्याचा निरोप देणाराच देतो.

पुतण्यानं तिला आणायला गाडी धाडली. मी स्वतः जायला हवं होतं. पण धाकट्याला माझ्या घरी आणलं होतं, अंगण माणसांनी भरलं होतं, आणि कॅमेरेवाले भिंतीवर चढले होते. मी दारात दोन्ही हात पसरून उभा राहिलो, की एकालाही आत येऊ देणार नाही. मला वाटलं, हेच माझं काम.

तीन वाजता उचलायचं ठरलं होतं. कुणी मंत्री येणार होते, त्यांच्या सोयीनं. अडीचला गाडी परत आली, रिकामी.

ड्रायव्हर म्हणाला, "आजी आल्या नाहीत. म्हणाल्या, थोरला सोता न्यायला येणार हाय, तसं ठरलंय आमचं. मी म्हटलं, आजी, खरंच गेले. तर म्हणाल्या, ठाऊक हाय मला, माझं रडून झालं सकाळीच. मला चहा पाजला त्यांनी. शेजारीपाजारी सांगायला आले, त्यांनाही हसून परत लावलं."

मी म्हणालो, आक्काला घेऊन येतो, तोवर ह्याला कुणी हात लावायचा नाही. पाच तास लागले तर लागले. पुतण्यानं हात जोडले. एक पोलीस साहेब आला, त्यानंही हात जोडले. गर्दी आवरत नाही, म्हणाला. सगळ्यांनी माझं ऐकून घेतलं आणि त्याला उचललं. अंगावर त्याच्या एवढ्या शाली होत्या की तो दिसतच नव्हता. मी तेव्हाही रडलो नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात माझा फोटो आला, खाली लिहिलं होतं, थोरल्या भावाचा धीर.

मसणातून मी घरी गेलो नाही. तसाच गाडीत बसलो. आक्काच्या गावात शिरलो तेव्हा दिवेलागण होत होती. पारावरची माणसं गाडी बघून उठून उभी राहिली आणि खाली बघायला लागली.

आक्का दारातच होती. नवं लुगडं नेसलेली. उंबऱ्याशी गाठोडं बांधून ठेवलेलं.

"आलास का न्यायला? मला वाटलंच, आता येशील म्हणून. थांब, चप्पल घालते." एक पाय चपलेत सरकवत ती म्हणाली, "मी एवढी रडले सकाळी, की शेजारीण घाबरली. बारक्या बसतो का आता उठून?"

मी गाडीचं दार लावून पायरीपर्यंत आलो.

"आत ये की. पाणी तरी घे."

मी पायरीखालीच उभा राहिलो. मसणातून आलेला माणूस अंघोळीबिगर कुणाच्या घरात पाय ठेवत नाही, हे तिला माझ्याइतकंच ठाऊक. तिनं माझ्या पायांकडं पाहिलं, धोतराला लागलेल्या राखेकडं पाहिलं. मग माझ्या तोंडाकडं. आणि तिथं, गावासमोर, मी खाली बसलो आणि रडलो. माझा आवाज मलाच ओळखू येईना.

ती एका पायात चप्पल घालून उभी होती. माझं रडणं ओसरेपर्यंत हलली नाही.

"हेच सकाळी फोनवर केलं असतंस थोरल्या," ती म्हणाली, "तर अशीच आले असते, अनवाणी."

मग तिनं पायातली चप्पल काढली, गाठोड्याशेजारी ठेवली आणि माझ्याजवळ पायरीवर येऊन बसली. ती रडली नाही. तिचं रडणं सकाळीच, माझ्या सांगण्यावरनं, होऊन गेलं होतं.