एक पट्टा राहिला

सुईआत्याच्या कुशीत शिरायचं तर आधी विचारावं लागे, "आत्या, सुई कुठं आहे?" सुई कधी डाव्या खांद्यावर पदराला टोचलेली असे, कधी चोळीच्या गाठीजवळ. ती नेहमी ओवलेली असायची, त्यामुळे दोऱ्याचं शेपूट तिच्या लुगड्यावर लोंबत असे. आत्या चाचपून सुई काढी, दुसऱ्या बाजूला टोचून ठेवी आणि म्हणे, "ये आता. इकडची बाजू खाली झाली." माझ्या वयाच्या गावातल्या प्रत्येक पोराला ती सुई एकदा तरी टोचली आहे. टोचली की आत्याच ओरडायची, "पाहून शिरत जा ना वं पोट्टे! सुई वाकडी झाली असती तं?"

तिचं खरं नाव अनसूया. आमचं तिचं रक्ताचं नातं काही नव्हतं. खामगावपासून एसटीने तासाभरावर असलेल्या आमच्या लहानशा गावाची ती लेक होती, म्हणून सगळ्या पोरांची आत्या. लग्नानंतर थोड्याच दिवसांत गाडीचं चाक तिच्या उजव्या पायावरून गेलं. नवऱ्याने तिला बरं होईपर्यंत म्हणून माहेरी आणून सोडलं आणि तो परत न्यायला आला नाही. त्याबद्दल तिच्या तोंडून मी एकच वाक्य ऐकलं आहे. कुणीतरी बैलांना दोष देत होतं, तेव्हा ती म्हणाली, "पाय बैलानं मोडला. बाकीचं काई बैलानं केलं नाई."

भाऊ-भावजयीच्या घराच्या ओट्यावर ती दिवसभर शिवत बसायची. गोधड्या, कुंच्या, पोरांच्या फाटक्या चड्ड्या. कापूस फुटला की सगळ्या बायका शेतात जात आणि गाव ओस पडे. "येचनीच्या दिवसांत गावात दोघंच उरतो," आत्या म्हणे, "मी आन् मारोती. त्याले निदान उभं राह्यता येते."

माझी आई, भागीरथी, तिची मैत्रीण. आई लोणारकडची. माहेरी ज्वारीचं शेत, त्यामुळे कापूस वेचायची सवय नव्हती. आमच्याकडे बायका जुन्या लुगड्याचा तुकडा कमरेला बांधून त्याची झोळी करतात आणि वेचलेला कापूस तिच्यात टाकत पुढे सरकतात. झोळी भरत आली की सगळं ओझं कमरेवर येतं. माझ्या वेळी आई गरोदर होती आणि तिला कमरेला काही बांधवत नव्हतं. ती पदरात कापूस धरून वेची. वाळलेल्या बोंडांची टोकं लागून पदराच्या चिंध्या झाल्या होत्या. तसा पदर घेऊन घरी जाताना आत्याने तिला ओट्यावरून हाक मारली. "काय वं नवे, कापूस येचला का मांजरीसंग भांडली?"

दोघींची मैत्री अशी सुरू झाली. आत्याने मांजरपाटाची एक झोळी शिवली. तिच्या तोंडी ती 'झोयी'. तिला पुढे पोटावर मोठी खोळ होती आणि गळ्यातून अडकवायला दोन रुंद पट्टे. ओझं खांद्यावर, पोट मोकळं. कॉलेजात गेल्यावर मला कळलं की अशा वस्तूला ॲप्रन म्हणतात. आत्या मला नेहमी सांगायची, "तू पोटात होती म्हून त्या झोयीले पट्टे आले. नाई तं माह्या डोक्यात काऊन येतं?"

त्यानंतर दर वर्षी तिने आईला नवी झोळी दिली. मात्र त्या देण्याला एक रीत होती, आणि ती त्या दोघींनीच पाडलेली. झोळीत पडलेली कापसाची पहिली मूठ शिवणाऱ्याची. त्या दिवशी शेतातून परतताना आई घरी न जाता आधी आत्याच्या ओट्यावर जाई आणि ती मूठ तिच्या हातावर ठेवी. आत्या सरकी काढून कापूस पिंजायची, टकळीवर सूत काढायची आणि ते दुहेरी पिळून मेण लावून ठेवायची. पुढच्या वर्षीची झोळी त्याच दोऱ्याने शिवली जाई. म्हणजे आईने आणलेल्या कापसानेच आईची पुढची झोळी. आमच्या गावच्या शिंप्याने एकदा तिला म्हटलं, "आत्या, मले दे. चहा थंडा व्हायच्या आत मशीनवर मारून देतो." आत्याने त्याच्याकडे वर पाहिलंसुद्धा नाही. "तुह्या मशीनले माही भागी मालूम आहे का बे?"

शेतात जाता येत नाही याचं तिला काय वाटत असेल, हे मी लहानपणी कधी विचारलं नाही. एकदा मात्र आईबरोबर निघाले असताना ती झोळीचे पट्टे आईच्या खांद्यावर नीट बसवत होती. म्हणाली, "मी नाई जात तं काय झालं, माही झोयी जाते. भागे, इले नीट पाह्यजो, आमच्या वावराकडून नेजो जरा." आई खरंच वाट वाकडी करून तिच्या भावाच्या शेताच्या बांधावरून गेली.

मी मॅट्रिकच्या वर्गात गेले त्या वर्षी आईचा खोकला वाढला. खामगावच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला आणि बाबांना बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. परत येताना एसटीत बाबा खिडकीबाहेर पाहत राहिले. पोळ्यापर्यंत आई बाजेवरून उठेनाशी झाली.

आत्या तेव्हापासून रोज दुपारी पाय ओढत आमच्या घरी येऊ लागली. तेवढं अंतर यायला तिला किती त्रास होई, ते तिच्या कपाळावर दिसे. बाजेला टेकून बसायची आणि त्या वर्षीची झोळी शिवायची. खोळ झाली, कड झाली, एक पट्टा लागला. आई डोळे मिटून विचारी, "अनसे, झाली का व झोयी?" आत्या म्हणे, "नाई व. एक पट्टा राह्यला."

दुसऱ्या दिवशी तेच. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच. आत्या मांडीवर झोळी पसरून बसे, सुई हातात धरी, कापडावरून बोटं फिरवी, आईशी जुन्या गोष्टी बोले. पट्टा शेजारी घडी करून ठेवलेला असे, पण ती त्याला हात लावत नसे. एक पट्टा लावायला आत्याला अर्धी दुपारही लागत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. बाबांनाही. कुणी बोललं नाही. मला वाटतं, आत्याचा हिशेब साधा होता. भागी कधी झोळी न घेता गेलेली नाही. मग झोळी पुरी झालीच नाही तर ती जाईल कशी? मी हे लिहिते तेव्हा वेडेपणाचं वाटतं. त्या दिवसांत मीही मनातून तो पट्टा लागू नये असंच म्हणत होते.

मधे एकदा शेजारची काकू बसायला आली आणि सहज म्हणाली, "आन इकडं, मी लावून देतो पट्टा." आत्याने झोळी छातीशी धरली. "हात नको लावू," एवढंच म्हणाली. पण तिचा आवाज असा होता की काकू चहा न घेताच उठली.

दसरा जवळ आला. शेतात खालची बोंडं उकलायला लागली होती. त्या दुपारी आईला धाप लागली होती. तिने डोळे उघडले आणि आत्याचं मनगट धरलं.

"अनसे, एका पट्ट्यावर किती दिवस लटकवशीन मले?"

आत्याने दुसऱ्या हाताने मांडीवरची झोळी सारखी केली.

"लाव ना व. मले घालून पाह्यची हाये."

मी दाराशी उभी होते. आत्याने खांद्यावरची सुई काढली. दोऱ्याचं टोक चाटलं. सुई ओवलेलीच होती, तरी ती पुन्हा ओवत राहिली, कारण तिला दिसत नव्हतं. मग तिने पट्टा लावला. इतके बारीक टाके मी तिच्या हातचे आधी पाहिले नव्हते. दोरा दातांनी तोडला आणि पडल्या पडल्या आईच्या गळ्यात झोळी अडकवली. आईने खोळीत हात घातला, आत चाचपलं आणि हसली. "लय मोठी केली यंदा."

"कापूस लय हाये यंदा," आत्या म्हणाली.

दसऱ्याच्या आधीच आई गेली. बायका म्हणाल्या, झोळी तिच्याबरोबर जाऊ द्या. आत्या म्हणाली, "तिथं काय येचनार हाये ते? ठेवा इथंच." आईचे तेरा दिवस झाल्यावर मी वेचणीला जाणार त्या सकाळी तिने ती माझ्या गळ्यात घातली. पट्टे मला लांब होत होते. तिने तिथल्या तिथे दोन टाके मारून ते आखूड केले. संध्याकाळी मी पहिली मूठ तिच्याकडे नेली. तिने कापूस हातावर घेतला, त्यातला पाल्याचा कण वेचून काढला, दुसरा काढला. "तुही माय असा कचरा नोहोती आनत," ती म्हणाली आणि तोंडात पदर कोंबून रडली. आईच्या मरणानंतर मी तिला रडताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मॅट्रिक झाल्यावर बाबा माझ्या कॉलेजाबद्दल हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते. घरात बाई नाही, भाकरी कोण करणार, हा त्यांचा अडसर. आत्या एका सकाळी आमच्या चुलीपुढे येऊन बसली आणि तिने परात ओढून घेतली. "दादा, माह्या हातची भाकर खाशीन का? खात असशीन तं पोरीले जाऊ दे." बाबांनी मान हलवली. मी खामगावला सायन्सला गेले. गावातून कॉलेजात जाणारी मी पहिली मुलगी, असं लोक म्हणतात. मला ते ऐकताना आत्याचा चुलीपुढे लांब केलेला तो पाय आठवतो.

कॉलेजात केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला पांढरा ॲप्रन लागतो. मी आत्याला समजावून सांगितलं, "पांढरा पाहिजे, अंगावर काही सांडू नये म्हणून पुढून घालतात." तिला लगेच कळलं. निदान तिला तसं वाटलं. पुढच्या रविवारी तिने मला दिला तो पांढऱ्याशुभ्र कापडाचा ॲप्रन, दोन रुंद पट्ट्यांचा, आणि पोटावर कापूस वेचायची ही एवढी मोठी खोळ!

"आत्या, इथं खोळ कशाला? तिथं काही वेचायचं नसतं."

ती खरंच बुचकळ्यात पडली. "मंग रोज येष्टीनं काय कराले जातं व?"

मी ॲप्रन घडी करून पिशवीत घातला. वर्गातल्या मुलींनी त्या ॲप्रनला 'पोस्टमनची थैली' असं नाव ठेवलं. सरांनी तो उलटसुलट करून पाहिला. "बाह्या नाहीत," म्हणाले, "पण टाके चांगले आहेत. राहू दे." टाक्यांचा दोरा जाड आणि जरा पिवळट होता. तो मी आणलेल्या त्या पहिल्या, पाल्याच्या कणांनी भरलेल्या मुठीचा होता. त्या खोळीत मी हातरुमाल, पेन्सिल आणि बसचे पैसे ठेवत असे. हळूहळू मुलीही आपल्या वस्तू माझ्याकडे सांभाळायला देऊ लागल्या.

दुसऱ्या वर्षी ॲसिडने त्या ॲप्रनला भोकं पडली. आत्याने दुसरा शिवायला घेतला. मी दर रविवारी विचारी, "झाला का गं आत्या?" आणि ती म्हणे, "एक पट्टा राह्यला." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी चपापले. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. तिची नजर अधू झाली होती आणि हात कापू लागले होते, तेही कारण असेल. भोकांचाच ॲप्रन घालून मी जात राहिले. मी तिला घाई केली नाही.

पावसाळा सरता सरता ती गेली. चार दिवसांचा ताप आला, एवढंच. संध्याकाळी मी कॉलेजातून परतले तेव्हा ओटा सारवून झाला होता. तिच्या भावजयीने घडी केलेला ॲप्रन माझ्या हातात दिला. एक पट्टा लागलेला होता. दुसरा वेगळा, खोळीत ठेवलेला. कापडाला सुई टोचलेली होती आणि ती ओवलेली होती.

तो ॲप्रन मी बरेच दिवस पेटीत ठेवला. तसाच राहू द्यावा असं वाटे. मग दिवाळीची सुटी लागली तेव्हा कापूस फुटला होता, आणि मला आईचं 'एका पट्ट्यावर किती दिवस लटकवशीन' हे विचारणं आठवलं. मी आत्याच्या ओट्यावर जाऊन बसले आणि पट्टा लावला. टाके वाकडे आले. दोरा संपता संपता पुरला.

सकाळी तोच ॲप्रन घालून शेतात गेले. बायका हसल्या. "पाहा व, डाक्टरीन आली कापूस तपासाले!" मीही हसले. संध्याकाळी पहिली मूठ घेऊन पाय आपोआप आत्याच्या घराकडे वळले. ओट्यावर कुणी नव्हतं. मूठ शिवणाऱ्याची असते, आणि शेवटचा पट्टा तर मीच लावला होता. म्हणून ती मी घरी आणली, त्यातला पाला निवडला, आणि आत्याच्या भावजयीकडून तिची टकळी मागून घेतली.

सूत काढायला मला अजून नीट जमत नाही. सारखं तुटतं. तुटलं की बोट ओलं करून टोकं जुळवते, तिच्यासारखी, आणि पुन्हा टकळी फिरवते.