वारा फार होता

फोन घेण्याआधी तो उजवा तळवा पँटला दोनदा पुसायचा आणि शर्टाचं गळ्याचं बटण लावायचा. मग रिसीव्हर उचलून म्हणायचा, "येस सर."

नाशिकला पंचवटीतल्या आमच्या गल्लीत तेव्हा फोन फक्त आमच्याकडे. हा शेजारचा मुलगा, नौदलात अधिकारी. त्याची आई मळ्यातली फुलं गंगेवर, म्हणजे गोदेच्या घाटावर, विकायची आणि गिऱ्हाइकांना सांगायची, "पोरगा जहाजाचा कॅप्टन होणार हाय." त्यालाही आयुष्यात दुसरं काही नको होतं. सुट्टीवर निघताना तो आपल्या जहाजाच्या कमांडरला आमचा नंबर देऊन यायचा.

"काकू, त्यांचा फोन आला तर जेवतोय म्हणून सांगू नका हं."

"मग काय सांगू? पळत येतोय?"

"हो, तेच सांगा."

तुम्ही हसाल. मीही हसायचे. पण कमांडरचा तो आवाज ऐकला की माझासुद्धा हात पदराकडे जायचा. आवाज कधी चढलेला नसायचा. "बुलाइए," एवढंच. उलट उत्तर दिलं म्हणून या माणसाने एका अधिकाऱ्याचा वार्षिक शेरा असा लिहिला, की बिचाऱ्याला पुढे जहाज मिळालंच नाही. हे सांगताना आमचा सहा फुटी गडी आधी दार लावून घ्यायचा.

एका मे महिन्यात तो आला तो काळवंडूनच. बंदरात शिरताना जहाज धक्क्यावर आदळलं होतं. कमांडरचा हुकूम चुकला होता, सुकाणूवरच्या खलाशाने फक्त तो पाळला. ऐकणारा तिसरा हाच. आता चौकशी होती, आणि दोष खलाशावर येत होता. खलाशी आपल्याच जिल्ह्यातला, देवळ्याकडचा, नुकतंच मूल झालेला. "घाबरू नकोस, मी खरं सांगेन," म्हणून यानेच त्यालाही आमचा नंबर दिलेला.

दुपारी कमांडरचा फोन आला. फोन ठेवल्यावर तो खुर्चीत बसला, दोन तांबे पाणी प्यायला.

"हुकूम ऐकलास का, विचारत होते."

"मग?"

"म्हटलं, वारा फार होता सर. नीट ऐकू आलं नाही."

"ऐकलं होतंस ना रे?"

"काकू, माझं जहाज त्यांच्या सहीवर आहे." आणि रडायला लागला.

मला त्याचा संताप आला, आणि त्याच वेळी त्याला जवळ घ्यावंसंही वाटलं. तेवढ्यात पुन्हा घंटी वाजली. खलाशी होता. याने नको म्हणून मान हलवली. मी सांगितलं, "ते गेले परत." खोटं कशाला बोलू, मीही घाबरले होते.

चौकशीत त्याने वाराच सांगितला. पुढे त्याला जहाज मिळालं, त्याच्या आईने गल्लीभर पेढे वाटले. मग आईला घेऊन तो विशाखापट्टणमला गेला, तो पुन्हा दिसला नाही.

त्यानंतर खलाशाचा एकदाच फोन आला. नोकरी गेली होती, गावी कांदे निवडायला जात होता.

"साहेबांवर राग नाय ताई. त्या दिवशी वारा लय होता म्हणे, त्यांना ऐकूच गेलं नसंल. तुमच्यापाशी काय बोलले का ते?"

"नाही हो," मी म्हणाले.