टोचायचंच तर माझ्या हातातून

वॉर्डात तिचं नाव ‘नाही-बाई’. तान्ह्या बाळांच्या डॉक्टरांमध्ये मोठ्या साहेबांना तोंडावर ‘नाही’ म्हणणारी ती एकटीच. घरी सासूबाईसुद्धा चहा गाळताना विचारायच्या, “साखर घालू, की इथेही नाहीच?”

भांडण एकाच गोष्टीचं. कधीकधी तान्ह्याच्या फुप्फुसातून हवा बाहेर फुटते, छातीत कोंडते आणि फुप्फुस दाबून टाकते. ही हवा सुईने ओढून घ्यावी लागते; पण टोचायचं कुठे? साहेब म्हणत, आधी एक्स-रे. त्याचं मशीन खालच्या मजल्यावरून येणार, लिफ्टच्या लहरीवर! ही म्हणे, सोनोग्राफीचं यंत्र खाटेशी उभं आहे की! “सोनोग्राफी पोटासाठी असते,” साहेबांचं ठरलेलं उत्तर. बदलीची धमकीही देऊन झाली होती. तिने ती या कानाने ऐकून त्या कानाने सोडली.

सोनोग्राफीच्या जेलची बाटली मात्र ती काखेत धरून हिंडायची. गार जेलने एवढंसं बाळ गारठतं.

“बाई, अंडं उबवताय का?” नर्स पोरी खिदळायच्या.

“उबवतेय! तुमचं काय जातंय?”

त्या सकाळी जुळ्यांतली धाकटी अचानक निळी पडली. दाराबाहेर तिची आई चाकाच्या खुर्चीत बसली होती, तिला सगळं दिसत होतं. एक्स-रेवाल्याला फोन केला, तर लिफ्ट अडकलेली. साहेबांनी स्टेथोस्कोप लावला.

“डावीकडे श्वास ऐकू येत नाही. सुई द्या.”

“नाही,” ती म्हणाली. “इवल्याशा छातीत आवाज फसवतो. आधी बघू द्या.”

“बाजूला व्हा!”

तिने पोरीच्या डाव्या बरगड्यांवर तळहात ठेवला. “टोचायचंच तर माझ्या हातातून टोचा.”

साहेबांचा हात थबकला. तेवढ्यात तिने कोमट जेल लावून यंत्राची दांडी टेकवली. डावीकडे पडद्यावर फुप्फुस श्वासागणिक छान सरकत होतं. उजवीकडे सगळं ठप्प.

“हवा उजवीकडे आहे! धडधाकट फुप्फुसात सुई खुपसत होतात तुम्ही!”

फुप्फुस कुठे अजून छातीला टेकलंय ते बघून, तेवढी जागा टाळून तिने सुई घातली. नर्सने सिरिंज ओढली. हवा आली, आणखी आली. पोरीचे ओठ गुलाबी झाले आणि तिने असा टाहो फोडला की दाराबाहेर आईलाही हुंदका आवरेना.

“तुम्ही माझा हुकूम मोडलात,” साहेब हळूच म्हणाले. “जाब द्यावा लागेल.”

“देईन की. हिच्या आईसमोर विचारा.”

साहेबांनी दाराकडे पाहिलं. आई खुर्चीतून उठून उभी राहिली होती.

नाही-बाईने जेलची बाटली त्यांच्यापुढे धरली. “धाकटीची सुई मला धरून ठेवायचीय. मग तिच्या थोरल्या जुळ्या भावाचीही छाती बघू. तोवर ही धरा, आणि गार पडू देऊ नका.”

साहेबांनी बाटली घेतली, क्षणभर घुटमळले आणि काखेत धरली.