ओदीलमावशीचा खोकला

आमच्या आल्गोमाच्या धक्क्यावर खोटं बोलणं पाप मानलं जात नाही. आमचे पाद्रीसुद्धा गळ टाकतात. पापाची कबुली ऐकताना ते बाकी सगळं विचारतात, पण मासे किती खोलीवर लागले हे विचारत नाहीत. देवाच्या घरात आणखी खोटं कशाला, असा विचार असावा.

या विद्येत मी गावात पहिला होतो. मासे मारण्यात कितवा होतो ते सोडून द्या. चालत्या नावेमागे पाच-सहा गळ ओढत दिवसभर मिशिगन सरोवरावर फिरायचं म्हणजे हातात वेळ भरपूर, आणि शेजारच्या नावेत काय चाललंय याची पोटात जळजळ. मग रेडिओवर बोलणं होतंच. नारिंगी चमच्यावर तीस फुटांत मासा लागला की मी सांगायचो, "हिरवा, नव्वद फूट." चमचा म्हणजे जेवणाचा नव्हे, माशाला भुलवायचा रंगीत पत्रा. पूर्वेला असलो तर दक्षिण सांगायचो. सगळेच सांगायचे, पण माझ्या खोट्यात सातत्य होतं.

आणि धक्क्याजवळच्या आपल्या दुकानात रेडिओ लावून हे सगळं ऐकत बसायची ओदील मासार. वीस वर्षं तिने दारांच्या कारखान्यात लाकडाला रंग दिला होता. पुढे सरकारने सरोवरात सॅमनची पिल्लं सोडली, सगळं गाव मासेवेडं झालं, तेव्हा तिने एक जुनं गॅरेज भाड्याने घेतलं आणि गळाचं सामान विकायला बसली. स्वतः ती कधी पाण्यावर गेली नाही. धक्क्याच्या टोकाला लाल दीपगृहापर्यंत चालत गेली तरी तिला मळमळायचं. पण तिच्या चमच्यांना तोड नव्हती. साधे पत्रे आणून ती ते नेलपॉलिशने रंगवायची. सबंध प्रांतात तिच्याइतकं नेलपॉलिश कोणी घेत नसेल, आणि तिच्या स्वतःच्या बोटांवर एक ठिपका कधी दिसला नाही. आम्ही सगळे तिला मावशी म्हणायचो.

मावशी रेडिओवर बोलायची नाही. फक्त कोणी खोटं बोललं की बटण दाबून एकदा खोकायची. मी "हिरवा, नव्वद फूट" म्हटलं, की दोन सेकंदांत दुकानातून "खॉक्" आणि मग वीस नावांमधून हसणं. ती चुकायची नाही. तिला कसं कळतं यावर बियर पिता पिता आम्ही पुष्कळ चर्चा केली होती. लँबर्टचं म्हणणं होतं की ती चेटूक करते. लँबर्ट माझा शाळेपासूनचा मित्र. त्याचा मेंदूही शाळेपासून तेवढाच आहे.

शहात्तर सालच्या सप्टेंबरची गोष्ट. दुसऱ्या दिवशी आमच्या चर्चमध्ये कर्मिस होती, म्हणजे सुगीची जत्रा. मोठे सॅमन नदीच्या तोंडाशी येऊन थांबले होते आणि सगळ्या नावा तिथे दाटीवाटीने फिरत होत्या. शहाणा माणूस तिथेच राहिला असता. पण जुलैत लँबर्टचा फोटो पेपरात आला होता, बारा पौंडांचा स्टीलहेड मासा हातात धरून, आणि तो फोटो त्याने माझ्या बायकोलाही दाखवला होता. स्टीलहेड हवा तर लांब जावं लागतं. ऊन पाणी आणि गार पाणी जिथे भेटतं तिथे फेसाची एक रेघ पडते, तिच्यात मेलेले किडे साचतात, आणि ते खायला स्टीलहेड वर येतो.

पहाटे मी मावशीकडून नारिंगी चमचे घेतले. तीनच उरले होते, तिन्ही घेतले.

"आज नारिंगी?" मावशीने विचारलं.

"पुतण्याचा वाढदिवस आहे. त्याला देणार. मी इथेच, नदीच्या तोंडाशी."

तिने चमचे कागदात गुंडाळले. "पुतण्याला म्हणावं जपून. लांब राहतो ना तो?"

"हो, बराच लांब," मी म्हणालो. आपण फार हुशार आहोत असं मला त्या वेळी वाटलं होतं.

बर्डीन, माझी बायको, नावेत आधीच बसली होती. जत्रेसाठी चाळीस पाय, म्हणजे भट्टीत भाजलेल्या जाड गोड पोळ्या, करायचे तिने कबूल केलं होतं, मनुका घालून वर चीज लावलेले, आमच्या बेल्जियन लोकांत करतात तसे. मळलेलं पीठ घरी ओट्यावर झाकून ठेवलं होतं. दहापर्यंत परत येतो, असं मी म्हणालो होतो. त्यावर तिचा विश्वास नव्हता, म्हणून मला परत आणायला ती स्वतः आली होती.

पूर्वेला अकरा मैलांवर फेसाची रेघ सापडली. सात वाजेपर्यंत मी दोन स्टीलहेड नावेत घेतले. माझं डोकं तेव्हाच फिरलं असावं. तिसरा लागला तो पाण्यातून माणसाच्या उंचीएवढा उडाला आणि सरळ नावेखाली शिरला. चाक बर्डीनच्या हातात होतं.

"डावीकडे घे," मी ओरडलो आणि हात उजवीकडे दाखवला.

तिने हात बघितला आणि उजवीकडे घेतलं. गळ खोल राहावा म्हणून शिशाचा गोळा बांधून खाली सोडलेली तार मोटरच्या पंख्यात गेली. टक्कन आवाज झाला. पंख्याची खिळी तुटली होती. ती खिळी तुटण्यासाठीच असते, मोटर वाचावी म्हणून. जवळ नेहमी दुसरी ठेवायची असते.

"डब्यात दोन आहेत म्हणाला होतास," बर्डीन म्हणाली.

"होत्या. एक कोंबड्यांच्या खुराड्याच्या दाराला लावली."

"आणि दुसरी?"

"त्याच दाराला. खालच्या बाजूला."

तिने केसातली पिन काढून दिली. ती लावली, पंखा अर्धा फेरा फिरला आणि पिन गेली. वल्हं एकच होतं. दुसरं जत्रेसाठी बूया, म्हणजे कोंबडीचा रस्सा, ढवळायला नेलं होतं, मोठ्या हंड्याला दुसरं काही पुरत नाही. एका वल्ह्याने नाव स्वतःभोवती छान फिरते. तेवढ्यात धुकं उतरलं, आणि मागोमाग पश्चिमेचा वारा सुटून आम्हाला आणखी आत ढकलू लागला. मागच्या बाजूने लाटा आत यायला लागल्या. बर्डीन कॉफीच्या डब्याने पाणी उपसू लागली आणि मी रेडिओ उचलला.

"लँबर्ट, मी डेझिरे. पंख्याची खिळी तुटली आहे. धक्क्यापासून सरळ पूर्वेला अकरा मैल. वारा बाहेर नेतोय, नावेत पाणी येतंय."

"अकरा मैल पूर्वेला?" लँबर्टने विचार केला. "म्हणजे तू दक्षिणेला तीन मैलांवर असशील. निघालोच. घाबरू नकोस."

"अरे, खरंच अकरा मैल आहे."

"हो रे बाबा. तुला मी आज ओळखतो का?"

वाईट याचं वाटतं की तो मनापासून बोलत होता. तीन नावांनी लागणारे सॅमन सोडले, गळ गुंडाळले आणि माझ्या काळजीने त्या धुक्यात चुकीच्या दिशेला निघाल्या. इतकी चांगली माणसं मला मिळाली आणि त्यांना मी असं शिकवून ठेवलं होतं.

"त्यांना खरं सांग," बर्डीन म्हणाली.

"खरंच सांगितलं."

"मग खोटं सांग. म्हणजे बरोबर येतील."

मला ते पटलं, यावरून माझी अवस्था कळेल. मी पुन्हा रेडिओ उचलला. "लँबर्ट, मी दक्षिणेला तीन मैलांवर आहे."

"बघा," लँबर्ट बाकीच्यांना म्हणाला, "केलं की नाही कबूल."

आणि तेव्हा दुकानातून आवाज आला. "खॉक्."

मग, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, मावशी रेडिओवर बोलली. "पहिल्यांदा तो बोलला तेव्हा मी खोकले होते का रे?"

"नाही," लँबर्ट म्हणाला. "मला वाटलं दुकानात गिऱ्हाईक असेल."

"गिऱ्हाईक नव्हतं. तो अकरा मैलांवरच आहे."

"मावशी, सप्टेंबरात एवढ्या लांब कोण जातं? एवढ्या धुक्यात तिथवर जायचं, आणि तो तिथे नसला, इकडेच कुठे बुडत असला तर?"

"मग माझ्यामुळे बुडेल. परत ये आणि धक्क्यावरून मला घे. मी येते तुझ्याबरोबर."

"तू? नावेत?"

एवढं ऐकू आलं आणि आमच्या रेडिओची बॅटरी संपली.

पुढचे दोन तास मी कोणाला फारसे सांगत नाही. बर्डीन उपसत होती, मी उपसत होतो, पाणी काही कमी होत नव्हतं. उभ्या जन्मात मी बर्डीनला भीत आलो होतो. त्या दिवशी पहिल्यांदा तिच्यासाठी भ्यालो, आणि ती भीती फार वाईट असते. ती मासे बघायला आली नव्हती, माझा शब्द खोटा म्हणून आली होती. मी तिला तसं सांगितलं. चुकलो, म्हणालो.

"पीठ आता ओट्यावरून खाली आलं असेल," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने तिने डबा खाली ठेवला आणि माझा हात धरला. तिचा हात गार पडला होता. लगेच सोडून पुन्हा उपसायला लागली.

भोंगा आधी तिनेच ऐकला. तिने वल्हं घेतलं आणि माशांची पत्र्याची बादली अशी बडवायला सुरुवात केली की त्या बादलीच्या जागी मी आहे असं वाटावं. धुक्यातून लँबर्टची नाव वर आली. पुढे लँबर्ट होता, मागे नावेच्या कडेवर पोट टेकून ओदीलमावशी लटकली होती. चेहरा कच्च्या टोमॅटोसारखा हिरवा. ती येताना सगळा रस्ता ओकत आली होती, आणि मधे मधे मान वर करून लँबर्टला सांगत होती, सरळ, अजून सरळ.

दोर बांधला. बर्डीनला तिकडे चढवलं. मावशीने तोंड पुसलं आणि माझ्याकडे बघितलं.

"डेझिऱ्या, कशावर लागले?"

"नारिंगी," मी म्हणालो. "तीस फूट. दोन. तिसरा गेला."

"ऐकलंस?" ती लँबर्टला म्हणाली आणि पुन्हा कडेवर वाकली.

परतताना मी तिला विचारलं, तुला कसं कळतं. तिला बोलायची ताकद नव्हती, तरी बोलली. "तुम्ही तोंडाने खोटं बोलता रे, पण विकत खरं घेता. सकाळी जो हिरवे नेतो तो दुपारी नारिंगी सांगतो. नदीच्या तोंडाशी जाणारा माझे तीन नारिंगी कशाला नेईल? आणि तुला भाऊ नाही, डेझिऱ्या. पुतण्या कुठून येणार?"

मला भाऊ नाही हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. पहाटे ते फक्त माझ्याच लक्षात नव्हतं.

पीठ खरंच जमिनीवर आलं होतं. बर्डीनने रात्री नवं मळलं आणि चाळीस पाय केले. जत्रेत मला माझंच वल्हं देऊन हंड्यापाशी उभं केलं गेलं, आणि येणारा प्रत्येक जण वाडगा पुढे करून विचारत होता, कशावर लागले. मी प्रत्येकाला खरं सांगितलं. सोमवारी मावशीचे हिरवे चमचे सगळे संपले. नारिंगी एकही गेला नाही.

तेव्हापासून मी रेडिओवर खरंच सांगतो. त्याने कोणाचा फायदा झाला नाही, माझा मात्र झाला. मी जिथे आहे म्हणतो तिथे कोणी फिरकत नाही; खोकला सगळे ऐकायचे, न आलेला खोकला कोणी मोजायचं नाही. पण मी त्यासाठी सांगत नव्हतो. "नारिंगी, तीस फूट," म्हणायचं आणि थांबायचं. लँबर्ट म्हणायचा, "म्हणजे हिरवा, नव्वद." दुकानातून काहीच आवाज यायचा नाही, आणि त्या शांततेने मला दिवसभर बरं वाटायचं. चोवीस वर्षं हे चाललं.

गेल्या मार्चमध्ये ओदीलमावशी गेली. शहात्तर वर्षांची होती. दुकान बंद झालं. जूनमध्ये मी पहिल्यांदा बाहेर पडलो, फेसाच्या रेघेवर एक चांगला मासा लागला आणि रेडिओ उचलून सांगितलं, नारिंगी, तीस फूट. लँबर्ट म्हणाला, म्हणजे हिरवा, नव्वद. मग सगळं शांत झालं, नेहमीसारखं, आणि मला नेहमीसारखं बरंही वाटलं.

मग राहवलं नाही. मी पुन्हा बटण दाबलं आणि म्हणालो, "नाही, चुकलं माझं. हिरवाच. नव्वद फूट."

चोवीस वर्षांत पहिल्यांदा मी रेडिओवर खोटं बोललो होतो. बराच वेळ रेडिओ कानाशी धरून बसलो. कोणी खोकलं नाही.