जांभळा रंग उडाला तेव्हा

तपासणीच्या प्रयोगशाळेत ताईंचा कामात हात धरणारं कुणी नव्हतं, आणि डूख धरण्यातही नव्हतं. पहिल्या गुणाचं कौतुक साहेब करत. दुसरा गुण ताईंनी एकट्या धाकट्या दिरासाठी राखून ठेवला होता.

दीर कलौंजीच्या बियांचा अर्क विकायचा. पद्धत ताईंनीच बसवलेली: बिया सावलीत वाळवायच्या, भरड कुटायच्या, मद्यार्कात मुरवायच्या. नवरा गेला आणि वर्षाच्या आत दिरानं घाई करून एक अख्खा घाणा भट्टीवर वाळवला नि करपवला. सासूबाईंपुढे बोट मात्र ताईंकडे दाखवलं. सासूबाईंना धाकटा म्हणेल ती पूर्व दिशा. ताईंनी ट्रंक उचलली. पुढे नोकरी मिळाली, खोली मिळाली, पण ‘माल करपवून गेलेली सून’ हा शिक्का नातेवाइकांत कायम राहिला. तो पुसला जावा, आणि ज्यानं मारला त्याच्याच हातानं पुसला जावा, एवढंच त्यांना हवं होतं.

आणि एके सकाळी भावजी बाटली घेऊन टेबलासमोर हजर. मोठ्या गिऱ्हाइकानं तपासणीचा अहवाल मागितला होता. बाटलीवर ठळक ‘अँटिऑक्सिडंट’ छापलेलं. ते कशाशी खातात हे मालकाला ठाऊक नव्हतं. ताईंनी साहेबांना नातं सांगून टाकलं आणि यंत्रावरचा आकडा तुम्हीच वाचा म्हणाल्या. साहेब बरं म्हणून केबिनमध्ये गेले.

तपासणी सोपी असते. जांभळ्या द्रावणात अर्क टाकून नळी अंधारात ठेवायची. अर्कात दम असला तर जांभळा उडून पिवळा होतो, नसला तर जांभळा तसाच ढिम्म. हे ताईंनी भावजींना सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही.

नळी कपाटात गेली. भावजी स्टुलावर बसून कपाटाच्या दाराकडे बघत राहिले. ताई नळ्या विसळत होत्या, गरज नसताना.

बाहेर काढली तर रंग साफ उडालेला. मेल्याचा माल चोख होता! मग ताईंनी वर पाहिलं, तर भावजींच्या तोंडचं पाणी पळालेलं.

“वहिनी, रंग गेला.”

“गेला,” ताई म्हणाल्या. यात खोटं अक्षर नव्हतं.

भावजी गयावया करू लागले. गिऱ्हाईक हातचं जाईल, तोंड दाखवायला जागा राहणार नाही, पुन्हा एकदा करून बघा. ताई नळी उजेडात धरून बघत राहिल्या. शेवटी भावजींचा बांध फुटला.

“तेव्हाचा माल मीच करपवला होता. त्याचाच राग काढताय ना?”

“मला काय सांगता? मला माहीतच आहे. आईंना सांगा.”

भावजींनी तिथूनच आईंना फोन लावला. ताईंनी तो स्पीकरवर ठेवायला लावला. भावजींनी सगळं सांगितलं, अडखळत, पण सगळं. पलीकडून फोन बंद झाला.

ताई नळी घेऊन केबिनमध्ये गेल्या. साहेबांनी तिथल्या यंत्रावरचा आकडा वाचला, सही केली. अहवालात लिहिलं होतं: उत्तम.

भावजींनी कागद दोनदा वाचला. “म्हणजे रंग उडायलाच हवा होता? मग आधी का नाही बोललात?”

“तुम्ही कुठे आधी बोलला होतात, भावजी?”

तेवढ्यात टेबलावरचा ताईंचा फोन वाजला. सासूबाई होत्या. ताईंनी पुढच्या गिऱ्हाइकाची बाटली उघडली. फोन वाजत राहिला. वाजू दे म्हणाल्या, त्यांनाही जरा वाट बघायची सवय होऊ दे.